परभणीतलं माशांचं दुकान: पहिल्या दिवशी फायटर न देता परत पाठवलं, म्हणून पाच स्टार

आधीच सांगते, पाचपैकी पाच देतेय, आणि ते मासा चांगला निघाला म्हणून नाही (तो पण चांगलाच निघाला), तर दुकानातल्या ताईंनी पहिल्या दिवशी मला मासा द्यायला सरळ नाही म्हणलं म्हणून. पैसे हातात घेऊन उभी होते मी. "आज नका नेऊ, मरंल," एवढंच म्हणल्या. कोणता दुकानदार असं करतो सांगा बरं.

जरा मागून सांगते म्हणजे कळंल. मागच्या वर्षी एका मोठ्या शहरात लग्नाला गेलतो, तिथं बाजारात पोरीनं फायटर बघितला आणि हट्टच धरला. आपल्याकडं सगळे फायटरच म्हणतात, पुस्तकी नाव बेटा. लाल रंगाचा, लांब शेपटीचा, पोरीच्या मुठीएवढ्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवलेला. दुकानदार म्हणला, "याला काही लागत नाही, वाटीभर पाण्यात जगतो, फिल्टर नको, हिटर नको, फक्त दाणे टाका." सोबत काचेचा गोल बाऊल दिला, रंगीत गोट्या दिल्या आणि एक प्लॅस्टिकचं झाड. आम्हाला वाटलं बरं झालं, सोपं आहे. घरी आणलं, टीव्हीजवळ ठेवलं, आणि स्वच्छता म्हणून मी दर दोन दिवसाला बाऊल विमनं घासून, नळाचं ताजं पाणी भरून मासा परत सोडायची. मन लावून करायची हो, कंटाळा न करता. तिसऱ्या आठवड्यात तो खाईना, तळाला एका कुशीवर पडून राहायला लागला, मधीच झटका देऊन वर यायचा, तोंड बाहेर काढायचा की परत खाली. पंख चिकटल्यासारखे झालते. एका रविवारी सकाळी गेला. पोरीनं तुळशीच्या शेजारच्या कुंडीत पुरला आणि दिवसभर जेवली नाही. माझ्या मनात एकच, आपण तर सगळं केलं, मग चुकलं काय.

सहा महिने घरात माशाचं नाव नाही. मग वाढदिवस आला आणि परत तेच. तेव्हा आमच्या शेजारच्या भाऊंनी हे दुकान सांगितलं. स्टेशन रोडनं आत गल्लीत शिरलं की आहे, बोर्ड लहान आहे, पटकन दिसत नाही, झेरॉक्सच्या दुकानाला लागून. दहा बाय बाराची खोली असंल. काउंटरला ताई बसतात, त्यांचे मिस्टर माल आणायला जातात. आत गेलं की आधी लक्षात येतं ते हे की वास नाही. माशांच्या दुकानात तो एक कुबट वास असतो ना, तो नाहीच.

मी म्हणलं फायटर दाखवा. त्यांनी आधी विचारलं टाकी किती लिटरची. मी म्हणलं बाऊल आहे. किती लिटरचा? माहीत नाही. पाणी नळाचं का बोअरचं? कधी नळाचं, कधी बोअरचं, जे असंल ते. नळाचं किती दिवसांनी येतं? आमच्याकडं आठ-दहा दिवसांनी. मग साठवलेलं वापरता का आल्या आल्या? आता यातलं मी कधी मोजलंच नव्हतं. मग आधीच्या माशाचं काय झालं ते विचारलं, मी सगळं सांगितलं, विमचं पण सांगितलं. त्या बोलल्या नाहीत काही, नुसतं मान हलवून म्हणल्या, "तुम्ही मनानं केलं ताई, पण तुम्हाला सांगणारा कोणी नव्हता." मला खरंच डोळ्यात पाणी आलतं तिथं.

मग त्यांनी पोरीला स्टुलावर बसवून समजावलं, मला नाही, पोरीला. ते मी इथं लिहिते कारण हेच कोणी सांगत नाही. फायटरला कल्ल्याशिवाय डोक्यात अजून एक अवयव असतो, लॅबिरिंथ म्हणतात, त्यानं तो वर येऊन हवेतला श्वास घेतो. म्हणून कमी ऑक्सिजनच्या पाण्यात पण तो लगेच मरत नाही. मरत नाही म्हणजे सुखात आहे असं नाही, पण दुकानदारांनी त्याचा अर्थ लावला की डबीत ठेवला तरी चालतो. हा मासा मूळचा थायलंडकडचा, भाताच्या खाचरात, दलदलीत, संथ पाण्यात राहणारा. पाणी उथळ असतं पण पसरलेलं असतं, झाडपाला असतो, दोन नर एकमेकाला भिडले तर हरणाऱ्याला पळायला जागा असते. डबीत पळणार कुठं. थायलंडनं २०१९ मध्ये त्याला आपला राष्ट्रीय जलचर म्हणून जाहीर केलंय हे पण ताईंनीच सांगितलं, पोरगी तेव्हापासून सगळ्यांना सांगत फिरते. आणि रानातला फायटर असा रंगीत नसतो, मळकट असतो, हे निळे लाल पांढरे रंग आणि झालरीसारख्या शेपट्या माणसानं पिढ्यानपिढ्या निवडून निवडून काढलेत.

आणि आमचा मासा कशानं गेला तर घाणीनं नाही, माझ्या स्वच्छतेनं. मासा पाण्यातच शी करतो, राहिलेले दाणे पण सडतात, त्यातून अमोनिया होतो आणि ते माशाला विष. टाकीत हळूहळू जिवाणू तयार होतात, ते अमोनियाचं नायट्राइट करतात, ते पण विषच, मग दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते थोडं असलं तर चालतं आणि दर आठवड्याला थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतं. हे जिवाणू पाण्यात कमी आणि फिल्टरच्या स्पंजवर, खड्यावर जास्त असतात. मी दर दोन दिवसाला सगळं घासून टाकत होते, म्हणजे ते बसायच्या आधीच धुऊन काढत होते, वर विमचा अंश, वर नळाच्या पाण्यातलं क्लोरिन. बिचारा तीन आठवडे टिकला हेच लई.

त्या दिवशी त्यांनी मला टाकीचं सामान दिलं आणि मासा तीन आठवड्यांनी न्या म्हणल्या. बिल सांगते, कोणाला अंदाज हवा असंल तर. १५ बाय ९ बाय ९ इंचाची काचेची टाकी झाकणासहित ६५० रुपये (काठोकाठ २० लिटर होते, पण वर जागा सोडून १६-१७ लिटर भरते), स्पंज फिल्टर १५०, हवेचा पंप ३५०, ५० वॅटचा हिटर ५५०, थर्मामीटर १००, अँटी क्लोरिनची बाटली ६०, आणि २० रुपयांचा एक बारका व्हॉल्व्ह. झाले १८८०. रंगीत गोट्या मीच मागितल्या तर म्हणल्या त्याचे रंग सुटतात कधी कधी, साधी नदीची वाळू धुऊन टाका, नाहीतर तळ मोकळाच ठेवा. प्लॅस्टिकचं झाड पण नाही दिलं. "तुमची एखादी जुनी नायलॉनची पायमोजी घ्या आणि झाडावरून ओढा, धागा अडकला तर माशाची शेपटी पण अडकणार." हे मी घरी आल्यावर आधीच्या झाडावर करून बघितलं. तीन ठिकाणी अडकलं.

आणि फुकटात दिली ती सगळ्यात मोलाची गोष्ट, त्यांच्या चालू टाकीतला जुना, मळका स्पंजाचा तुकडा, ते जिवाणू बसलेला. पिशवीत त्याच टाकीच्या पाण्यात बुडवून दिला, म्हणल्या वाळू देऊ नका, घरी गेल्या गेल्या फिल्टरशेजारी टाका. विरजण लावतो ना आपण तसंच समजा. रोज माशाचे दोन दाणे मासा नसलेल्या टाकीत टाकायला सांगितले, ते सडून अमोनिया झाला की जिवाणूंना खाणं मिळतं. आत्याबाई म्हणायच्या, मासा नाही आणि कोणाला जेवू घालता. मी दोनदा बाटलीत पाणी घेऊन दुकानात गेले, त्यांच्याकडं थेंबाचं किट आहे, नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, रंग बघायचा. पहिल्यांदा पाणी हिरवं झालं म्हणजे अमोनिया आहे. दुसऱ्यांदा पिवळंच राहिलं म्हणजे काही नाही, आणि नायट्राइट पण शून्य आलं. एक रुपया घेतला नाही तपासायचा. त्या दिवशी म्हणल्या, "आता न्या."

पाण्याचं जरा सविस्तर लिहिते कारण आपल्या मराठवाड्यात सगळी गोची तिथंच आहे, आणि पुण्या-मुंबईच्या लोकांचे व्हिडिओ बघून आपलं भागत नाही. नळाला पाणी येतं त्या दिवशी त्याला टीसीएलचा, म्हणजे ब्लीचिंग पावडरचा वास असतो, ते क्लोरिन माशाचे कल्ले जाळतं आणि ते चांगले जिवाणू पण मारतं. तेच पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवलं की क्लोरिन बरंचसं उडून जातं, घाई असंल तर अँटी क्लोरिनचे थेंब. बोअरचं पाणी म्हणजे आपल्याकडं जड, काळ्या दगडातून आलेलं, भांड्याला पांढरे डाग पडतात ते. माझ्या बोअरचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा, ताईंच्या मीटरवर ९०० च्या वर आला. मी म्हणलं मग आरओचं टाकते, सगळ्यात शुद्ध. तर नको म्हणल्या, आरओमध्ये क्षार जवळजवळ राहतच नाहीत, नुसतं ते पण चांगलं नाही. नळाचं साठवलेलं वापरा, आणि बोअरचंच वापरायची वेळ आली तर निम्मं आरओ मिसळा. आणि काही करा पण दर वेळी तेच करा, आज हे उद्या ते असं नको, माशाला रोजचा बदल सोसत नाही. आता माझ्याकडं माशासाठी वेगळी झाकणाची बादली आहे, तिला कोणी हात लावत नाही.

मासा निवडायचा दिवस. त्यांच्याकडं फायटर लिटरभराच्या बरण्यांत असतात, दोन बरण्यांच्या मधी पुठ्ठा, कारण एकमेकाला बघून दिवसभर फुगत राहिले की थकतात. आलेला माल आठवडाभर विकत नाहीत, आधी खातो का, नीट पोहतो का ते बघतात. माल हैदराबादहून येतो, काही चेन्नईच्या कोळत्तूरचा, तिथं रंगीत माशांची मोठी बाजारपेठ आहे. पोरीला अर्धचंद्रासारखी पूर्ण शेपटी पसरणारा हाफमून हवा होता. ताईंनी बरणीजवळ बोट नेलं, एक मासा मागं सरला आणि एक सरळ बोटाकडं आला, कल्ले फुगवून, मानेखालची काळी झालर उघडून. "हा घ्या." निळा, पोटाजवळ जरा हिरवी झाक, आणि शेपटीची कड अशी पातळ की त्यातून पलीकडचं लेबल वाचता येत होतं. १८० रुपये. नाव निळू.

घरी आणल्यावर पिशवी टाकीत वीस मिनिटं तरंगत ठेवायची, मग दर पाच मिनिटाला टाकीतलं थोडं थोडं पाणी पिशवीत घालायचं, आणि शेवटी मासा तेवढा टाकीत घ्यायचा, पिशवीचं पाणी टाकीत ओतायचं नाही. निळू सुटल्यावर आधी तळाशी गेला, मग सगळ्या टाकीला एक चक्कर मारली, मग वर येऊन एक घोट हवा घेतली, बारीक टप्प असा आवाज आला. पोरगी म्हणली, मम्मी तो श्वास घेतो. त्या आवाजाची आता इतकी सवय झालीय की रात्री घर शांत झालं की मी कान देऊन ऐकते.

हिटरबद्दल मी आधी कुरकुर केलती, परभणीच्या उन्हात हिटर कशाला. पण आपल्याकडं उन्हाळा जसा, तसा डिसेंबर-जानेवारी पण, कृषी विद्यापीठाचा आकडा पेपरात एक अंकी येतो तेव्हा घरातल्या बादलीत हात घालवत नाही. फायटरला २४ ते २८ अंश पाणी लागतं. थंडीत हिटर २६ वर ठेवला, निळू दिवसभर फिरत होता. एक लक्षात ठेवा, पाणी बदलायच्या आधी हिटरची पिन काढायची आणि दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, गरम हिटर पाण्याबाहेर उघडा पडला की काच तडकते.

आणि तो २० रुपयांचा व्हॉल्व्ह! लाइट गेली की पंप बंद पडतो, आणि पंप टाकीच्या खाली ठेवलेला असंल तर पाणी नळीतून उलटं पंपात उतरतं, व्हॉल्व्ह ते अडवतो. आमच्या भागात लाइट कधी जाईल सांगता येत नाही. शेजारच्या भाऊंचा पंप असाच गेला, खाली एक्सटेन्शन बोर्ड होता, नशीब बोर्ड बंद होता. ज्यांच्याकडं टाकी आहे त्यांनी आजच बघा हा व्हॉल्व्ह आहे का, नसंल तर पंप तरी टाकीपेक्षा उंच ठेवा.

मे महिना मात्र कठीण गेला. बाहेर ४३, टाकीत ३२. हिटर तर काढूनच ठेवला. मी घाबरून फोन केला तर म्हणल्या, "बर्फ टाकू नका पाण्यात, एकदम फरक पडला तर त्यानंच जाईल." टाकी खिडकीपासून आतल्या खोलीत घेतली, झाकण काढून वर जाळी लावली (जाळी हवीच, हा मासा उडी मारतो), बारका टेबल फॅन पाण्याच्या वरून वारा जाईल असा लावला, आणि टाकीच्या तीन बाजूंना ओलं फडकं. माठ जसा गार राहतो त्यातलाच प्रकार. दोन-तीन अंश उतरलं. पाणी लवकर आटतं मात्र, रोज तांब्याभर साठवलेलं वरून घालावं लागायचं.

जूनमध्ये निळूच्या शेपटीची कड झिजल्यासारखी दिसली, दोन ठिकाणी खाचा. मी तडक दुकानात, औषध द्या. निळी बाटली शेल्फवर समोर दिसत होती, देऊन मोकळ्या झाल्या असत्या. त्यांनी विचारलं पाणी कधी बदललं. लग्नसराईत दोन आठवडे राहिलं होतं. मग म्हणल्या आधी आठवडाभर रोज थोडं थोडं पाणी बदला, आणि बदामाचं वाळलेलं पान टाका एक. देशी बदाम हो, ते मोठ्या लालसर पानांचं झाड, शाळांच्या आवारात असतं ते. वाळून आपोआप पडलेलं, फवारणी नसलेलं पान, धुऊन. पाणी चहासारखं होतं त्यानं, घाबरू नका. फरक नाही पडला तर औषध देते. दहा-बारा दिवसांत कडेला काचेसारखी पारदर्शक नवी शेपटी फुटायला लागली. ती बाटली मी अजून विकत घेतलेली नाही.

खाण्याचं सांगते आणि आवरते. सकाळी दोन दाणे, संध्याकाळी दोन, रविवारी उपास. पोट त्याचं त्याच्या डोळ्याएवढंच असतं असं ताई सांगतात, म्हणून घरातल्या कोणी लाडानं जास्त टाकायचं नाही. आत्याबाईंनी एकदा भाताची शितं टाकलती, परत टाकली नाहीत. जिवंत ट्युबिफेक्स वर्म त्या ठेवतच नाहीत, गटारीच्या पाण्यातला असतो, रोग आणतो म्हणतात. डासाच्या अळ्या फायटर आवडीनं खातो, पण त्यासाठी घरात पाणी साठवून अळ्या करू नका हे त्यांनी मला दोनदा बजावलं, डेंग्यूचे दिवस.

कमी काय आहे ते पण लिहायला पाहिजे. दुकान सकाळी साडेअकराच्या आधी उघडत नाही, नोकरीवाल्यांची अडचण होते. पार्किंग नाही. जिवंत झाडं कमी असतात, मी अनुबियास दोन महिन्यांपासून मागतेय, अजून आलं नाही, सध्या मनी प्लांटच्या मुळ्या पाण्यात सोडल्यात. पाणी तपासायचं किट विकायला ठेवत नाहीत, महाग पडतं आणि कोणी घेत नाही म्हणतात, मला वाटतं ठेवावं. आणि गर्दी असली की ताई एकेकाला अर्धा अर्धा तास समजावत बसतात, मागच्याला थांबावं लागतं. माझ्यापुढं एक जण वैतागून निघून गेला, त्याला दोन नर एकाच टाकीत हवे होते आणि ताई कितीही पैशाला द्यायला तयार नव्हत्या.

निळू आता आमच्याकडं चौदा महिन्यांचा झालाय. गेल्या गुरुवारी सकाळी बदामाच्या पानाखाली साबणाच्या फेसासारखा बुडबुड्यांचा पुंजका दिसला, मला वाटलं परत कोणीतरी विम लावलं आणि पोटात गोळाच आला. फोटो पाठवला तर ताईंचा लगेच फोन, "ताई, घरटं केलंय त्यानं, हात लावू नका." नर असाच तोंडानं हवेचे बुडबुडे सोडून पिल्लांसाठी घरटं करतो, मादी नसली तरी करतो. पोरीनं त्या आठवड्यात पाणी बदलताना मला पानाच्या बाजूला मग घालू दिला नाही.

जाणार असाल तर संध्याकाळी सहाच्या आधी जा, गर्दी कमी असते, बुधवारी बंद. आणि एका स्वच्छ धुतलेल्या बाटलीत घरचं पाणी घेऊन जा, ताई आधी तेच मागतात.